टीव्ही घेण्याआधी मोजपट्टी घ्या

दसरा-दिवाळीच्या दिवसांत इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही मोठ्या दुकानात गेलं, की एक भिंत हमखास दिसते. ओळीनं वीस-पंचवीस टीव्ही लावलेले आणि सगळ्यांवर लखलखीत चित्रं: कापलेलं कलिंगड, पोपटाची पिसं, रात्रीच्या शहरातले दिवे. समोर तीन-चार फुटांवर एक कुटुंब उभं असतं. मुलाला क्रिकेटसाठी ६५ इंची टीव्ही हवा असतो, सुनेला खर्चाची काळजी असते, चार वर्षांची नात पडद्याला हात लावायला धावते. आजोबा सेल्समनला एवढंच विचारतात, ‘‘बातम्यांची खालची पट्टी मला वाचता येईल ना?’’

‘‘हो काका, फोर-के आहे,’’ सेल्समन सांगतो. माहिती खरी असते, पण ते आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर नसतं. पट्टी वाचता येईल की नाही, हे फोर-केवर फारसं अवलंबून नाही. ते ठरतं पडद्याच्या आकारावर, सोफ्यापासूनच्या अंतरावर, आजोबांच्या नजरेवर आणि हॉलमधल्या उजेडावर. यातली एकही गोष्ट दुकानात नसते.

सप्टेंबर २०२५मध्ये ३२ इंचांहून मोठ्या टीव्हींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि मोठा पडदा आणखी घरांच्या आवाक्यात आला. एकदा घेतलेला टीव्ही सात-आठ वर्षं तरी भिंतीवर राहतो आणि घरातले लहानथोर रोज काही तास त्याच्यासमोर बसतात. त्यामुळे या खरेदीत डोळे, मान, कान आणि झोप यांचाही विचार करायला हवा.

दुकानातला उजेड, घरातला उजेड

दुकानात दिवे घरापेक्षा कित्येक पट प्रखर असतात. त्या उजेडात चित्र उठून दिसावं म्हणून टीव्ही ‘स्टोअर’ किंवा ‘व्हिव्हिड’ मोडवर ठेवलेला असतो. त्यात प्रकाश कमाल पातळीवर, रंग गडद आणि पांढऱ्यात निळसर झाक असते. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन पडद्यांपैकी जो अधिक उजळ आणि निळसर, तोच आपल्या डोळ्यांना अधिक ‘स्वच्छ’ वाटतो. कपडे धुण्याच्या निळीमागचं तत्त्व हेच आहे.

हाच टीव्ही संध्याकाळी घरच्या एका ट्यूबलाइटच्या उजेडात त्याच मोडवर लावला, तर काही वेळात डोळे चुरचुरायला लागतात. टीव्ही बिघडलेला नसतो. तो अजूनही दुकानात असल्यासारखा वागत असतो. म्हणून दुकानात दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात. एक, डेमो मोड बंद करून ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड लावून दाखवा. दोन, कंपनीची चित्रफीत नको, रोजचं बातम्यांचं किंवा मालिकांचं चॅनेल दाखवा. आणि मग घरी जितक्या अंतरावर बसणार, तितकं मागं सरकून पाहावं.

आधी अंतर मोजा

हे ‘तितकं अंतर’ बहुतेकांना माहीत नसतं. शहरातल्या फ्लॅटमधला एक नेहमीचा हॉल घेऊ: १० फूट रुंद, १४ फूट लांब. टीव्ही एका लांब भिंतीवर, सोफा समोरच्या भिंतीला लागून. भिंतीपासून भिंत १० फूट. पण सोफ्यावर बसलेल्या माणसाचं डोकं भिंतीपासून दीड फूट पुढं येतं आणि टीव्ही त्याच्या भिंतीपासून अर्धा फूट. उरतात आठ फूट. मोजपट्टीनं मोजायचं ते हे: डोळ्यापासून पडद्यापर्यंतचं अंतर.

रोजच्या पाहण्यासाठी पडद्यानं आपल्या दृष्टिक्षेत्राचा साधारण ३० अंशांचा भाग व्यापावा, असा संकेत चित्रपट आणि टीव्हीच्या तंत्रज्ञांनी फार पूर्वीपासून पाळला आहे. इतक्या रुंदीत चित्र भरीव वाटतं आणि मान न फिरवता सगळं दिसतं. त्याचं सोपं गणित असं: टीव्हीच्या इंचांना १.६नं गुणलं, की बसण्याचं अंतर इंचांत मिळतं. ४३ इंची टीव्हीसाठी ते येतं पावणेसहा फूट, ५० इंचीसाठी सहा फूट आठ इंच, ५५ इंचीसाठी सव्वासात फुटांच्या थोडं पुढं, ६५ इंचीसाठी पावणेनऊ फुटांच्या जवळ आणि ७५ इंचीसाठी बरोबर दहा फूट.

आठ फुटांच्या हॉलला ५५ आणि ६५ हे दोन्ही आकार चालतात. ७५ इंची तिथं ३८ अंश व्यापेल. सिनेमासाठी ते काहींना आवडतं, पण क्रिकेट पाहताना कोपऱ्यातल्या धावफलकाकडे जायला दर वेळी डोळे आणि मान फिरवावी लागेल आणि कॅमेरा जोरात फिरला, की काहींना गरगरल्यासारखं होईल. उलट ३२ इंची टीव्ही आठ फुटांवरून फक्त साडेसोळा अंश भरतो. बहुतेक घरांत अनेक वर्षं हेच चालत होतं, आणि आजोबांची पट्टी तिथंच हरवत होती.

पिक्सेलचा हिशेब

फुल एचडी, फोर-के, एट-के हे आकडे पडद्यावर किती ठिपके आहेत ते सांगतात. पण ते ठिपके वेगवेगळे ओळखणं डोळ्याच्या क्षमतेवर असतं. डॉक्टरांकडच्या तक्त्यावर ६/६ नजर म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखता येणं.

५५ इंची पडदा १२२ सेंटीमीटर रुंद असतो. फुल एचडीत त्या रुंदीत १९२० ठिपके बसतात, म्हणजे एक ठिपका साधारण ०.६३ मिलिमीटरचा. ६/६ नजरेला हे ठिपके सव्वासात फुटांपलीकडून वेगळे दिसत नाहीत, एकमेकांत मिसळतात. फोर-केचे ठिपके याच्या निम्मे. ते वेगळे ओळखायला साडेतीन फुटांवर बसावं लागेल. एट-केसाठी पावणेदोन फुटांवर. काहींची नजर ६/६पेक्षाही तीक्ष्ण असते, त्यांना थोडा फरक जाणवेल. पण आठ फुटांवरून ५५ इंची पडद्यावर फुल एचडी आणि फोर-के यांतला नुसत्या ठिपक्यांचा फरक बहुतेकांच्या नजरेबाहेर जातो. आज बाजारातले जवळजवळ सगळे ५५ इंची टीव्ही फोर-केच आहेत, त्यामुळे तिथं निवडीचा प्रश्नच उरत नाही. एट-केसाठी मात्र जास्तीचे पैसे मोजण्यात डोळ्यांच्या हिशेबानं काहीच हशील नाही.

खरा प्रश्न उलट बाजूनं येतो. अनेक घरांत अजून केबलची साधी, म्हणजे एसडी चॅनेल पाहिली जातात. त्यांच्या चित्रात फार तर ७२० बाय ५७६ ठिपके असतात. फोर-केच्या विसाव्या भागाइतके. नवा टीव्ही तेवढाच मजकूर वीसपट ठिपक्यांवर पसरवतो. पीठ तेवढंच आणि भाकरी परातीएवढी थापायची म्हटलं, की ती फाटणारच. मोठा टीव्ही आणल्यावर ‘जुन्यावर बरं दिसत होतं’ अशी तक्रार होते ती याचमुळे. मोठ्या पडद्यासोबत सेट-टॉप बॉक्स एचडी करून घेणं आणि रोज लागणारी तीन-चार चॅनेल एचडीत घेणं, याचा फायदा महागड्या मॉडेलपेक्षा जास्त होतो. ते शक्य नसेल, तर आठ फुटांवर ४३ इंची टीव्ही हीच शहाणपणाची निवड.

आजोबांचे डोळे

आता आजोबांच्या पट्टीकडे येऊ. आठ फुटांवरून ६/६ नजरेला साडेतीन मिलिमीटर उंचीचं अक्षर जेमतेम ओळखता येतं. समजा, आजोबांची नजर चष्म्यासह ६/१८ आहे. त्यांना तिप्पट, म्हणजे साडेदहा मिलिमीटरचं अक्षर लागेल. आणि न ताणता, सरकत्या ओळीत वाचायचं तर त्याच्याही दुप्पट, सुमारे २१ मिलिमीटर. पट्टीतलं अक्षर पडद्याच्या उंचीच्या तिसाव्या भागाएवढं धरलं, तर ३२ इंची टीव्हीवर ते १३ मिलिमीटर भरतं आणि ५५ इंचीवर २३. म्हणजे आजोबांना जास्त ठिपक्यांची गरज नाही, मोठ्या अक्षराची आहे. देवनागरीत काना-मात्रा, रफार आणि जोडाक्षरं असल्यानं तर ती आणखीच आहे.

मोतीबिंदू झालेल्या डोळ्याची अडचण वेगळी. धुरकट झालेलं भिंग प्रकाश विखुरतं, त्यामुळे समोरून उजेड आला की चित्र फिकट पडतं. टीव्हीच्या मागं किंवा बाजूला उघडी खिडकी असेल, तर तरुणांना चालून जातं, ज्येष्ठांना नाही. खिडकी टीव्हीच्या समोर असेल तर तिचं प्रतिबिंब पडद्यावर पडतं. चकचकीत पडद्यावर ते अधिक, मॅट पडद्यावर कमी. बाल्कनीचं दार हॉलमध्येच उघडत असेल, तर दुपारी त्याच जागी उभं राहून जुन्या टीव्हीवर काय दिसतं ते आधी पाहावं, म्हणजे नव्याचं काय होणार ते कळतं. पडदा लावणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय.

बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा लावणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. चष्म्याचा खालचा भाग जवळचं वाचण्यासाठी असतो. आरामखुर्चीत मागं रेलून किंवा पलंगावर पडून टीव्ही पाहिला, की नजर नेमकी त्या खालच्या भागातून जाते आणि चित्र पुसट होतं. अशा वेळी सरळ बसून पाहावं, किंवा फक्त लांबचा साधा चष्मा करून घ्यावा.

एलईडी, क्यूएलईडी, ओएलईडी

दुकानातली पुढची अडचण नावांची. ‘एलईडी टीव्ही’ म्हणून विकला जाणारा टीव्ही मुळात एलसीडी असतो. द्रवरूप स्फटिकांचा थर प्रकाश अडवतो किंवा सोडतो आणि त्यामागं एलईडी दिवे असतात. हे दिवे शक्य झाले ते निळ्या एलईडीमुळे. त्या शोधासाठी इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

‘क्यूएलईडी’ हाही एलसीडीच, पण त्यात निळ्या प्रकाशातून शुद्ध लाल आणि हिरवा रंग काढणारे क्वांटम डॉट असतात. काही नॅनोमीटर आकाराच्या या कणांचा रंग त्यांच्या आकारावर ठरतो. यासाठी २०२३चं रसायनशास्त्राचं नोबेल मौंगी बावेंडी, लुई ब्रुस आणि अलेक्सेई एकिमोव्ह यांना देण्यात आलं. ‘मिनी एलईडी’मध्ये मागचे दिवे अधिक बारीक आणि संख्येनं जास्त असतात आणि गटागटानं मंद करता येतात, म्हणून काळा रंग अधिक काळा दिसतो. ‘ओएलईडी’त मागं दिवाच नसतो, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो.

घरासाठी याचा अर्थ काय? हॉलमध्ये सगळे टीव्हीच्या समोरच बसत नाहीत. कुणी जेवणाच्या टेबलावर असतं, कुणी स्वयंपाकघराच्या दारातून पाहतं. एलसीडीचे दोन मुख्य प्रकार आहेत. ‘व्हीए’ पडद्यावर काळा रंग चांगला, पण बाजूनं पाहिलं की रंग उडतात; ‘आयपीएस’ बाजूनंही बरा दिसतो, पण अंधाऱ्या खोलीत त्याचा काळा करडा वाटतो. दुकानात दोन पावलं बाजूला सरकून पाहिलं, की हा फरक लगेच कळतो. ओएलईडी दोन्ही बाबतींत सरस आहे, पण महाग आहे. शिवाय एकच स्थिर चित्र रोज तासन्‌तास राहिलं, तर त्याची पुसट छाप कायमची उमटू शकते. ज्या घरात सकाळी सहापासून एकच बातम्यांचं चॅनेल सुरू असतं, तिथं त्याचं बोधचिन्ह आणि खालची लाल पट्टी हेच ते स्थिर चित्र. अशा घरात चांगला एलसीडीच बरा.

खोक्यावरच्या ‘एचडीआर’ शब्दालाही भुलू नये. जवळजवळ प्रत्येक नवा टीव्ही एचडीआरचा संकेत वाचू शकतो. पण तो परिणाम दाखवण्याइतका प्रखर प्रकाश आणि खोल काळा स्वस्त पडद्यांकडे नसतो.

काहींना एखाद्या टीव्हीसमोर बसलं की डोकं दुखतं आणि कारण सापडत नाही. अनेक एलसीडी टीव्हींमध्ये प्रकाश कमी करण्यासाठी मागचे दिवे अतिवेगानं उघडझाप करतात. डोळ्याला ती लुकलुक दिसत नाही, पण काहींना ती सोसत नाही. तपासायला सोपं आहे: टीव्हीचा प्रकाश कमी करून पडद्यावर पांढरं चित्र आणावं आणि समोर पेन्सिल जोरात हलवावी. पेन्सिलीचा सलग धूसर पंखा दिसला तर ठीक. पंख्याऐवजी सुट्या सुट्या अनेक पेन्सिली दिसल्या, तर दिवे लुकलुकत आहेत. अर्धशिशीचा त्रास असणाऱ्यांनी ही चाचणी दुकानातच करावी.

मान आणि भिंत

टीव्ही बसवायला आलेला माणूस भिंतीवर पेन्सिलीनं खूण करतो तेव्हा तो उभा असतो. घरातलेही शेजारी उभेच असतात. सगळ्यांना जागा बरोबर वाटते. आणि संध्याकाळी सोफ्यावर बसलं की टीव्ही दीड फूट वर गेलेला असतो. रोज दोन-तीन तास हनुवटी वर करून पाहिल्यानं मानेमागचे स्नायू आखडतात. शिवाय वर पाहताना पापण्या जास्त उघडतात, डोळ्याचा जास्त भाग हवेला लागतो. टक लावून पाहताना पापण्यांची उघडझाप आधीच कमी झालेली असते. त्यात डोक्यावर पंखा किंवा समोर एसी. डोळे कोरडे पडून खुपायला लागतात, आणि दोष टीव्हीच्या ‘किरणां’ना दिला जातो.

सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साडेतीन फुटांवर असतात. पडद्याचा मध्य तिथं किंवा थोडा खाली यावा. ५५ इंची टीव्हीसाठी त्याची खालची कड जमिनीपासून सुमारे सव्वादोन-अडीच फुटांवर येते. घरात जेवताना सगळे खाली बसून टीव्ही पाहत असतील, तर त्याहूनही थोडं खाली. खूण करण्याआधी बसून पाहावं, एवढाच नियम.

टीव्ही टेबलावर ठेवायचा असेल, तर चार वर्षांच्या नातीचा विचार आधी. ५५ इंची टीव्ही दोन बारीक पायांवर उभा असतो आणि त्याचं वजन १५ किलोच्या आसपास भरतं. खणावर पाय ठेवून चढणाऱ्या मुलाच्या अंगावर तो कोसळला, तर डोक्याला गंभीर इजा होऊ शकते. टीव्हीमागच्या छिद्रांतून पट्टा घेऊन तो भिंतीला किंवा टेबलाला बांधावा; रिमोट आणि खेळणी टीव्हीच्या वर किंवा मागं ठेवू नयेत. भिंतीवर लावतानाही भिंत कसली आहे ते बसवणाऱ्याला सांगावं. नव्या इमारतींतल्या हलक्या सच्छिद्र ब्लॉकच्या किंवा जिप्समच्या भिंतीत विटांच्या भिंतीचे स्क्रू धरत नाहीत. त्यांना वेगळे फास्टनर लागतात.

‘जवळ बसू नको, डोळे जातील’

ही ताकीद घरोघरी पिढ्यान्‌पिढ्या दिली गेली. तिला एक जुना आधारही आहे. १९६७मध्ये अमेरिकेत काही रंगीत टीव्ही संचांतून मर्यादेपेक्षा जास्त क्ष-किरण बाहेर पडत असल्याचं आढळलं, ते परत मागवावे लागले आणि पुढच्याच वर्षी तिथं त्यासाठी कायदा झाला. तो धोका जुन्या पिक्चर ट्यूबचा होता. आजच्या सपाट पडद्यात ती ट्यूबच नाही. जवळ बसून पाहिल्यानं डोळा कायमचा बिघडतो, याला आधार नाही. मात्र मूल सतत पुढं पुढं सरकत असेल, तर त्याला लांबचं नीट दिसत नसण्याची शक्यता असते. त्याला ओरडण्याऐवजी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावं.

लांबून पाहिलेला टीव्ही फोनपेक्षा डोळ्यांना सोपाच जातो. फूटभरावर धरलेल्या फोनसाठी डोळ्याला तीन डायॉप्टरहून जास्त जोर लावावा लागतो, आठ फुटांवरच्या टीव्हीसाठी अर्ध्याहूनही कमी. पण याचा अर्थ मुलांनी कितीही पाहावा असा नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९मध्ये दिलेल्या शिफारशींनुसार दोन वर्षांखालच्या मुलांना पडद्यासमोर बसवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको. लहान वयात वाढणाऱ्या ऱ्हस्वदृष्टीवर उघड्यावरचा वेळ उपयोगी पडतो, हे चीनमधल्या ग्वांगझू शहरातल्या १२ शाळांत दिसलं. तिथं काही शाळांतल्या मुलांना रोज ४० मिनिटं जादा बाहेर ठेवलं गेलं. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांत त्यांच्यातल्या ३०.४ टक्के मुलांना ऱ्हस्वदृष्टी आली. इतर शाळांत हे प्रमाण ३९.५ टक्के होतं. नातीसाठी टीव्ही किती इंची, याहून ती संध्याकाळी किती वेळ अंगणात असते, हे महत्त्वाचं.

पडदा मोठा झाला की एक काळजी मात्र खरंच वाढते. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’ मालिकेच्या एका भागात लाल-निळे झगझगाट वेगानं आलटून पालटून दाखवले गेले आणि त्या रात्री सुमारे ७०० जणांना, बहुतेक मुलांना, रुग्णालयात न्यावं लागलं. काहींना झटके आले होते. प्रकाशाच्या लुकलुकीनं फिट येण्याची प्रवृत्ती मोजक्या लोकांत असते, आणि चित्र दृष्टीचा जितका जास्त भाग व्यापतं तितका धोका वाढतो. घरात कुणाला फिट्सचा त्रास असेल, तर आकार एक पायरी लहान घ्यावा, अंतर जास्त ठेवावं आणि खोलीत दिवा चालू ठेवावा.

दिवा चालू ठेवणं सगळ्यांसाठीच बरं. अंधारात टीव्ही पाहून डोळे बिघडत नाहीत, पण काळोख आणि झगझगता पडदा यांत सतत जुळवून घेताना ते थकतात. टीव्हीच्या मागं भिंतीवर मंद उजेड पडेल असा एक छोटा दिवा पुरतो.

निळा प्रकाश, झोप आणि आवाज

‘ब्लू लाइट’ रोखणारे चष्मे आणि ‘आय केअर’ची चिन्हं यांचा बाजार मोठा आहे. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोक्रेन आढाव्यात १७ चाचण्या तपासल्या गेल्या. निळा प्रकाश गाळणाऱ्या चष्म्यांनी संगणकावर काम करणाऱ्यांच्या डोळ्यांचा ताण साध्या चष्म्यापेक्षा कमी होतो, असं त्यांत आढळलं नाही. निळसर प्रकाश मेंदूला ‘अजून दिवस आहे’ असा संदेश देतो हे खरं, पण आठ फुटांवरच्या टीव्हीतून डोळ्यांपर्यंत पोहोचणारा प्रकाश साधारण दहा-पंधरा लक्स असतो. खोलीतल्या ट्यूबलाइटचा याहून कितीतरी जास्त. झोप मोडते ती मुख्यतः ‘आणखी एक भाग’ पाहण्यानं. आपोआप पुढचा भाग सुरू होण्याची सोय बंद करणं आणि टीव्ही झोपण्याच्या खोलीत न लावणं, हे दोन उपाय बिनपैशांचे आहेत.

आवाजाकडे खरेदीच्या वेळी कुणी लक्ष देत नाही. पातळ टीव्हीत स्पीकर खाली किंवा मागं तोंड करून बसवलेले असतात. आवाज भिंतीवर आपटून येतो आणि संवाद गढूळ होतात. वयानुसार आधी उंच पट्टीतलं ऐकू येणं कमी होतं आणि स, श, फ, थ यांसारखी व्यंजनं नेमकी त्या पट्टीत असतात. म्हणून आजी म्हणते, ‘‘आवाज येतो, पण बोलतात काय ते कळत नाही.’’ नुसता आवाज वाढवून ते कळत नाही, बाकीच्यांना मात्र त्रास होतो. बजेट ठरवताना त्यातला काही भाग साउंडबारसाठी बाजूला ठेवावा, किंवा निदान टीव्हीतला संवाद स्पष्ट करणारा पर्याय सुरू करावा. दर वर्षी आवाजाचा आकडा वाढवावा लागत असेल, तर कानांची तपासणी करून घ्यावी.

घरी आणल्यावर पहिल्या संध्याकाळी

टीव्ही बसवून माणूस गेला, की पहिली पंधरा मिनिटं सेटिंगला द्यावीत. सुरुवातीला विचारलं जातं तेव्हा ‘स्टोअर’ऐवजी ‘होम’ निवडावं. चित्राचा मोड ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’. पहिले दोन दिवस चित्र पिवळसर वाटेल, मग डोळे सरावतात; तो रंगच मूळ चित्राच्या जवळचा असतो. खोलीच्या उजेडानुसार पडद्याचा प्रकाश कमी-जास्त करणारा पर्याय असेल तर सुरू ठेवावा. चित्रपटही मालिकेसारखा गुळगुळीत दिसायला लागला, तर ‘मोशन स्मूदिंग’ बंद करावं. क्रिकेटसाठी ते थोडंसं ठेवायला हरकत नाही.

विजेचाही हिशेब करावा. १२० वॉटचा टीव्ही रोज पाच तास चालला, तर महिन्याला १८ युनिट होतात. कमाल प्रकाशावर ठेवला की त्याहून जास्त. दोन सारख्या मॉडेलांत निवड अडली, तर ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीच्या लेबलवरचे तारे पाहावेत. जुना टीव्ही ट्यूबचा असेल, तर तो भंगारात देऊ नये. त्याच्या काचेत शिसं असतं. तो अधिकृत ई-कचरा केंद्राकडे किंवा अदलाबदलीच्या योजनेत द्यावा.

आणि आजोबांची पट्टी? आठ फुटांवर ५५ इंची पडदा, त्याचा मध्य साडेतीन फुटांवर, बातम्यांचं चॅनेल एचडीत, खिडकीला पडदा आणि मागं एक छोटा दिवा, एवढं जमलं तर ६/१८ नजरेलाही ती वाचता यायला हवी. त्यातूनही वाचता आली नाही, तर ६५ इंची टीव्हीची चौकशी करायला दुकानात जाऊ नये. आजोबांना आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावं.